हुकूम कुणाचा, जबाबदारी कुणाची?

'युद्ध आणि शांती' वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात जी मते कायमची घर करून राहतात, त्यांत एक मत सैन्याविषयीचे असते. लढाई कुणी चालवत नाही, ती आपोआप चालते. सेनापती नकाशावर बोट ठेवून हुकूम सोडतो, तो हुकूम पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते, आणि शेवटी जे घडते ते हजारो अनाम माणसांच्या इच्छा, भीती आणि थकवा ह्यांच्या बेरजेतून घडते, असे ते मत. कादंबरीच्या उपसंहाराच्या दुसऱ्या भागात टॉलस्टॉयने ह्या मताला भूमितीचा आकारही दिला आहे. सैन्य हे एका शंकूसारखे असते. तळाशी असंख्य साधे शिपाई, त्यांच्यावर थोडे कमी अंमलदार, मग त्याहून कमी अधिकारी आणि अगदी टोकाला एकटा सेनापती. जो जितका वर, तो तितके अधिक हुकूम देतो आणि प्रत्यक्ष कृतीत तितकाच कमी सहभागी असतो.

साहित्याच्या अभ्यासकाला ह्या मताचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. थोर पुरुषांच्या चरित्रांतून लिहिल्या जाणाऱ्या इतिहासाला त्याने छेद जातो, आणि कादंबरी नावाच्या प्रकाराला इतिहासाच्या वर एक आसन मिळते. जागतिक साहित्याच्या वर्गात ही कादंबरी शिकवताना मीही हा शंकू फळ्यावर काढत आलो आहे. मात्र जवळजवळ प्रत्येक वर्षी एखादा विद्यार्थी एक सरळ प्रश्न विचारतो: 'सर, सगळेच आपोआप घडत असेल, तर एवढ्या मोठ्या सैन्याला रोजचे जेवण कोण देत होते? उद्या कुठल्या रस्त्याने जायचे हे कोण ठरवत होते?' प्रश्न भाबडा वाटतो, पण तो तसा नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, आणि तो अधिक अवघड आहे: काही चुकले, तर उत्तर कुणी द्यायचे?

ह्या प्रश्नांमुळे मी कादंबरीच्या बाहेर जाऊन त्या काळच्या रशियन सैन्याच्या रचनेविषयी वाचत गेलो. त्या वाचनातून माझे जे मत बनले, ते येथे मांडतो. टॉलस्टॉयला जे युद्धाचे सनातन स्वरूप वाटते, त्यातला बराचसा भाग एका विशिष्ट सैन्याच्या विशिष्ट कारभाराचा आहे. तो कारभार माणसांनी लिहून ठरवला होता, आणि जिथे तो संदिग्ध होता तिथली संदिग्धताही माणसांनीच राखली होती.

*

सुरुवात शब्दांपासून करणे बरे, कारण आपली पहिली अडचण तिथेच आहे. ही कादंबरी आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजीतून किंवा मराठी अनुवादातून वाचलेली असते. तिच्यात क्वार्टरमास्टर जनरल, ड्यूटी जनरल, चीफ ऑफ स्टाफ, अ‍ॅडज्युटंट अशी पदे पानोपानी येतात. आपण ती सैनिकी वातावरणाची रंगसफेदी समजून ओलांडून जातो. क्वार्टरमास्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोठारावरचा, बूट आणि ब्लँकेटे मोजून देणारा माणूस उभा राहतो. त्या काळच्या रशियन सैन्यात मात्र क्वार्टरमास्टर विभाग म्हणजे नकाशे, वाटा, छावणीच्या आणि लढाईच्या जागांची पाहणी, कूचाचे वेळापत्रक आणि लढाईची लेखी योजना. पुढे ज्याला जनरल स्टाफ म्हटले गेले त्याचे हे मूळ रूप. रसद पाहणारा अधिकारी वेगळा, त्याचे नाव इंटेंडंट जनरल. ड्यूटी जनरल म्हणजे त्या दिवशी पहाऱ्यावर असलेला अधिकारी नव्हे. माणसांची हजेरी आणि नेमणुका, हुकूमांची रवानगी, इस्पितळे, छावणीतली शिस्त, गाड्यांचा तांडा, हे सारे ज्याच्या कचेरीतून चाले तो ड्यूटी जनरल. आणि ह्या सगळ्यांच्या वर, सेनापतीच्या लगेच खाली, मुख्यालयाचा प्रमुख म्हणजे चीफ ऑफ स्टाफ.

हा तपशील कळल्यावर कादंबरीतल्या काही व्यक्ती वेगळ्या दिसू लागतात. कोनोवनित्सिन हा १८१२ च्या शरदात कुतुझोवचा ड्यूटी जनरल होता. टॉलस्टॉय त्याच्याविषयी प्रेमाने लिहितो: योजना न आखणारा, गाजावाजा न करणारा, पण जिथे सर्वांत अवघड तिथे हजर असणारा माणूस. हा केवळ स्वभावगुण नाही, ते त्याच्या पदाचेही वर्णन आहे. योजना आखणे हे त्याचे काम नव्हतेच, ते क्वार्टरमास्टर जनरल तोलचे होते. तोल हा टॉलस्टॉयला फारसा आवडत नाही, कारण तो कागदावर रांगा आणि वेळा लिहितो. येथे दोन स्वभावांची तुलना चालली आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती दोन कचेऱ्यांचीही तुलना आहे.

*

आता १८०५ कडे वळू. त्या वर्षी नेपोलियनचे सैन्य कायमस्वरूपी कोअरमध्ये विभागलेले होते. प्रत्येक कोअरला स्वतःचे पायदळ, घोडदळ, तोफखाना आणि स्वतःचे मुख्यालय. कोअरचा मार्शल आपल्या अधिकाऱ्यांना ओळखत होता, आणि त्याला केवळ हेतू सांगितला तरी पुरत असे. रशियन सैन्यात तेव्हा कायमस्वरूपी डिव्हिजनसुद्धा नव्हत्या. शांततेच्या काळात रेजिमेंटे प्रादेशिक तपासणी-विभागांत मोडत. मोहिमेवर निघताना त्यांच्या स्तंभरचना तात्पुरत्या जमवल्या जात. स्तंभ सेनापतीच्या नावाने ओळखला जाई आणि सेनापती बदलला की नावही बदले.

ऑस्टरलिट्झची लढाई २ डिसेंबर १८०५ ची. नावाने सरसेनापती कुतुझोव होता. छावणीत मात्र सम्राट अलेक्झांडर स्वतः उपस्थित होता, आणि लढाईची योजना वायरोथर ह्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याची होती. आदल्या रात्री वायरोथर ती योजना वाचून दाखवत असताना कुतुझोव झोपी जातो, हा कादंबरीतला प्रसंग सर्वांना आठवत असेल. त्याला त्या बैठकीत हजर असलेल्या लांजेरॉन ह्या सेनाधिकाऱ्याच्या आठवणींचा आधार आहे. टॉलस्टॉय त्या झोपेत शहाणपण पाहतो. उद्या जे व्हायचे ते ह्या कागदाप्रमाणे होणार नाही, हे वृद्ध सेनापतीला उमगलेले आहे, असा त्याचा अर्थ. दुसरा अर्थही तितकाच सरळ आहे. सम्राट छावणीत असताना आणि योजना सम्राटाने मान्य केलेली असताना सरसेनापतीच्या जागण्याला काही अर्थच उरलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात स्तंभ उतरू लागले, तेव्हा लिख्टेनस्टाइनचे घोडदळ रात्री भलत्याच जागी मुक्कामाला राहिल्यामुळे पायदळाच्या स्तंभांना आडवे गेले. वाट तुंबली, वेळ गेला. हा दैवाचा खेळ म्हणावा तर म्हणता येईल. पण ज्या सैन्यातल्या तुकड्यांना एकमेकांची सवय नाही, ज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या हाताखाली कोण आहे हे आदल्या आठवड्यात कळले आहे, त्या सैन्यात अशी गर्दी होणे हे धुक्यापेक्षा रचनेचे फळ अधिक होते.

ह्याच मोहिमेतला एक छोटा प्रसंग मला कादंबरीतल्या सर्वोत्तम प्रसंगांपैकी एक वाटतो. ओल्म्युत्झ येथे तरुण बोरिस द्रुबेत्स्कोय प्रिन्स आंद्रेला भेटायला येतो. आंद्रे हा हुद्द्याने कॅप्टन, पण सरसेनापतीचा अ‍ॅडज्युटंट. त्याच्यापुढे पदकांनी मढलेला एक वृद्ध जनरल ताठ उभा राहून काही निवेदन करतो आहे. आंद्रे त्याला थांबायला सांगून बोरिसशी बोलायला वळतो, आणि जनरल लाल चेहऱ्याने मुकाट्याने थांबतो. बोरिसच्या तेव्हाच ध्यानात येते की नियमांत लिहिलेल्या उतरंडीखेरीज सैन्यात दुसरी एक न लिहिलेली उतरंड आहे, आणि तो त्याच क्षणी दुसरीची सेवा करण्याचा निश्चय करतो. टॉलस्टॉयला संस्था किती नेमकी कळत होती, ह्याचा हा पुरावा आहे. तो स्वतः कॉकेशस आणि सेवास्तोपोल येथे तोफखान्यात अधिकारी होता. शंकूच्या सिद्धान्तात ही दुसरी उतरंड कुठे बसते, हे मात्र तो सांगत नाही.

*

पराभवाने रशियन सैन्याला पुष्कळ शिकवले. १८०६ मध्ये कायमस्वरूपी डिव्हिजन आल्या. १८०७ च्या तिल्सिटच्या तहानंतर प्योत्र वोल्कोन्स्कीला फ्रेंच मुख्यालयाची पद्धत अभ्यासायला पाठवण्यात आले, आणि परतल्यावर १८१० मध्ये क्वार्टरमास्टर विभाग त्याच्याकडे सोपवला गेला. त्याच वर्षी जानेवारीत बार्क्ले द तोली युद्धमंत्री झाला. १८१२ पर्यंत पायदळाच्या डिव्हिजनचा साचा ठरून गेला होता: दोन-दोन रेजिमेंटांच्या तीन ब्रिगेड, त्यांतली एक हलक्या पायदळाची, आणि सोबत तोफखान्याच्या तीन कंपन्या, प्रत्येकी बारा तोफांच्या. अशा सामान्यतः दोन डिव्हिजनांचा एक कोअर. कोअरना क्रमांक होते, आणि सेनापती बदलला तरी क्रमांक तोच राहत असे. क्रमांकाची ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण नावाकडून क्रमांकाकडे जाणे म्हणजे व्यक्तीकडून संस्थेकडे जाणे होय.

ह्या साऱ्या खटपटीचा कळस म्हणजे १८१२ च्या आरंभी मंजूर झालेला, मोठ्या लढाऊ सैन्याच्या व्यवस्थेविषयीचा कायदा. पिवळ्या वेष्टनामुळे त्याला 'पिवळे पुस्तक' म्हणत. मुख्यालयातल्या प्रत्येक पदाचे काम, त्याने कुणाला लिहायचे, कुणाकडून हुकूम घ्यायचा, हे त्यात ठरवून दिले होते. सरसेनापतीला तर त्याने असाधारण अधिकार दिले. मोहिमेवरच्या सैन्यात तो सम्राटाच्या व्यक्तीचे प्रतिनिधित्व करतो आणि सम्राटाच्या सत्तेने युक्त असतो, असा त्याचा आशय. एकाधिकार असलेल्या राज्यात एका माणसाला असा अधिकार लेखी देणे ही लहान गोष्ट नव्हती.

आणि मग त्याच कायद्यात एक कलम होते. सम्राट स्वतः सैन्यात उपस्थित झाला की सरसेनापतीचे अधिकार संपतात. सरसेनापतीला पूर्ण अधिकारांनिशी कायम ठेवले आहे असा स्वतंत्र हुकूम निघाला तरच ते राहतात.

मला ह्या एका कलमात १८१२ च्या पूर्वार्धाची सगळी कथा दिसते. एप्रिलच्या अखेरीस अलेक्झांडर विल्ना येथे आला. त्याने स्वतःला सरसेनापती म्हणवले नाही, आणि बार्क्ले पूर्ण अधिकारांनिशी कायम आहे असेही निःसंदिग्धपणे जाहीर केले नाही. सम्राटाभोवती एक वेगळे शाही मुख्यालय जमले. त्यात हुद्दे होते, मते होती, भोजने होती. नेमकी जबाबदारी कुणाचीच नव्हती. आपल्याकडे 'बारभाईची खेती, काय लागेल हाती' म्हणतात, तशी ती स्थिती. नेपोलियनने २४ जून रोजी नेमान नदी ओलांडली तेव्हा रशियाच्या पश्चिम सीमेवर तीन सैन्ये होती: बार्क्लेचे सव्वा लाखाच्या घरातले पहिले, बाग्रातियोनचे त्याच्या निम्म्याहूनही लहान दुसरे, आणि दक्षिणेला तोर्मासोवचे तिसरे. तिघांवर मिळून एकही सरसेनापती नव्हता.

हे मी टॉलस्टॉयच्या विरोधात सांगत नाही. त्याने हे सारे लिहिलेले आहे. कादंबरीच्या तिसऱ्या खंडात प्रिन्स आंद्रे द्रिस्साच्या छावणीत येतो, तेथे टॉलस्टॉय मुख्यालयातले आठ पक्ष एकेक करून मोजतो. मग तो नवव्याकडे येतो: खरा दोष सम्राटाच्या सैन्यातल्या उपस्थितीतच आहे असे मानणाऱ्या अनुभवी माणसांचा. शिश्कोवने सम्राटाला राजधानीत परतण्याची विनंती करणारे पत्र लिहिले, त्यावर अराकचेयेव आणि बालाशोव ह्यांनीही सह्या केल्या. हा शिश्कोव आपल्या ओळखीतला असायला हवा; तो आरमारातला अधिकारी, पण भाषा आणि साहित्य ह्यांवरच्या वादांत जुन्या रशियन शैलीचा कट्टर कैवारी. रशियन सैन्याच्या कारभारातली सर्वांत मोठी गाठ एका साहित्यिकाने लिहिलेल्या पत्राने सैल झाली, असे म्हणता येईल. जुलैमध्ये पोलोत्स्क येथून सम्राट सैन्य सोडून गेला.

*

गाठ सैल झाली, सुटली नाही. बार्क्ले आणि बाग्रातियोन हे दोघेही १८०९ मध्ये एकाच वेळी पूर्ण जनरल झाले होते, आणि त्या यादीत बाग्रातियोनचे नाव बार्क्लेच्या वर होते. त्या सैन्यात सेवाज्येष्ठतेला फार मान होता. बार्क्ले युद्धमंत्री असल्यामुळे सम्राटाच्या नावाने कळवू शकत होता, पण बाग्रातियोनचा वरिष्ठ म्हणून हुकूम देऊ शकत होता की नाही, हे कुणी स्पष्ट केले नव्हते. ऑगस्टच्या सुरुवातीला स्मोलेन्स्क येथे दोन्ही सैन्ये एकत्र आली, तेव्हा बाग्रातियोनने आपण होऊन बार्क्लेच्या हाताखाली राहण्याचे मान्य केले. त्या क्षणाचे मोठेपण नाकारता येणार नाही. पण ज्या व्यवस्थेला सव्वा-दीड लाख माणसांचा हुकूम एका माणसाच्या मनाच्या मोठेपणावर टांगून ठेवावा लागतो, ती व्यवस्था तो मोठेपणा आटला की कोसळणार, हे उघड आहे. काही दिवसांतच बाग्रातियोनची बार्क्लेविषयीच्या तक्रारींची पत्रे अराकचेयेवकडे जाऊ लागली. बार्क्लेचा चीफ ऑफ स्टाफ येर्मोलोव ह्याला सम्राटाला थेट लिहिण्याची मुभा होती. आपला उजवा हात आपल्याविषयी वर काय लिहितो आहे हे सेनापतीला माहीत नसावे, अशी ती सोय होती.

बार्क्ले माघार घेत होता, आणि ती माघार त्या परिस्थितीत शहाणपणाची होती. पण तो बाल्टिक प्रदेशातला, स्कॉटिश वंशाच्या जर्मनभाषी घराण्यातला होता. त्याचे नाव परके वाटत होते. सैन्यात त्याच्या नावाचा 'बोल्ताय दा इ तोल्को' असा अपभ्रंश झाला, म्हणजे नुसती बडबड, दुसरे काही नाही. वास्तविक तो मितभाषी होता. शेवटी १७ ऑगस्टला राजधानीत वरिष्ठांची एक खास समिती बसली. तिने दिलेले कारण वाचण्यासारखे आहे: आजवरच्या मोहिमेतली निष्क्रियता ही सर्व सैन्यांवर एकच निश्चित सत्ता नसल्यामुळे आहे. तिने कुतुझोवचे नाव सुचवले. समिती नियती, लोकांचा आत्मा असे काही बोलत नाही. ती कारभाराचा दोष दाखवते आणि कारभाराचा उपाय सुचवते.

उपायही अर्धवटच होता. कुतुझोव आला, त्याच्याबरोबर त्याचे मुख्यालय आले, त्यात बेनिग्सेन चीफ ऑफ स्टाफ झाला. पण बार्क्ले आणि बाग्रातियोन ह्यांची दोन मुख्यालये त्याच्याखाली तशीच राहिली. ७ सप्टेंबरच्या बोरोदिनोच्या लढाईआधी बेनिग्सेनने डाव्या बाजूला दडवून ठेवलेला तुच्कोवचा कोअर पुढे सरकवला, कुतुझोवला न सांगता. कादंबरीत पिएर हे पाहतो, आणि इतिहासातही ह्या घटनेला आधार आहे. लढाईत तोफखान्याचा प्रमुख कुताइसोव मारला गेला. तो तोफखान्याचा मुख्य अधिकारी असूनही एका प्रतिहल्ल्यात स्वतः सामील झाला होता. त्याच्या मृत्यूनंतर राखीव तोफा कुठे, केव्हा न्यायच्या हे ठरवणारा माणूस उरला नाही, आणि त्यांचा पुरेसा उपयोग झाला नाही. दुसऱ्या सैन्याचा सेनापती बाग्रातियोन त्याच दिवशी घायाळ झाला. त्याच्या जागी आधी कोनोवनित्सिनने वेळ निभावली, मग व्युर्टेंबर्गच्या ड्यूकला धाडले गेले, मग दोख्तुरोवला. एका दिवसात एका आघाडीचे इतके धनी. तरी आघाडी मोडली नाही. टॉलस्टॉय म्हणेल की सैनिकांच्या मनोबळामुळे. आणि त्यात तथ्य आहे. मी त्यात एवढीच भर घालीन, की धनी बदलत असतानाही क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या डिव्हिजन आणि कोअर शाबूत होते, आणि १८०५ मध्ये ही सोय नव्हती.

पुढच्या महिन्यातली तारुतिनोची गंमत तर सर्वश्रुत आहे. हल्ला १७ ऑक्टोबरला व्हायचा होता. तोलने योजना लिहिली, कुतुझोवने सही केली, पण हुकूम घेऊन गेलेल्या अधिकाऱ्याला येर्मोलोव त्याच्या जागी सापडलाच नाही. तो जेवणाला गेला होता. कुतुझोव पहाटे येऊन पाहतो तो सैन्य निघालेलेच नाही. त्याचा संताप टॉलस्टॉयने अविस्मरणीय रीतीने रंगवला आहे. हल्ला दुसऱ्या दिवशी झाला. टॉलस्टॉयला येथे योजनेची निरर्थकता दिसते. मला येथे फक्त एक न पोहोचलेला लखोटा दिसतो. लखोटा पोहोचला नाही, ह्यावरून लखोट्यांचा काही उपयोग नसतो असे सिद्ध होत नाही.

*

येथे साहित्याचा प्रश्न येतो, कारण ह्या सेनापतींचा न्याय इतिहासकारांच्या आधी साहित्यिकांनी केला. १८१२ च्या नोव्हेंबरात नेपोलियन बेरेझिना नदीवर पकडला जायला हवा होता. समोर चिचागोव होता, उत्तरेकडून विटगेनस्टाइन येत होता, मागून कुतुझोवचे मुख्य सैन्य बरेच अंतर राखून येत होते. नेपोलियन निसटला. चिचागोव फसला आणि चुकीच्या दिशेला, दक्षिणेला गेला, हे खरे. पण दक्षिणेकडे लक्ष ठेवण्याचा इशारा त्याला कुतुझोवकडूनही आला होता. तिघांच्या जबाबदारीचा तोल मोजणे अवघड होते. क्रिलोवने ते सोपे केले. त्याने एक बोधकथा लिहिली: पाण्यातला मासा मांजरीबरोबर उंदीर पकडायला जातो आणि शेपूट गमावून बसतो. चिचागोव आरमाराचा अ‍ॅडमिरल होता, त्यामुळे मासा कोण हे कुणाला सांगावे लागले नाही. चिचागोव १८१४ मध्ये देश सोडून गेला आणि १८४९ मध्ये पॅरिसमध्ये वारला. त्याची शिक्षा न्यायालयाने दिली नव्हती.

पूश्किनने उलट केले. हिवाळी राजवाड्यात इंग्लिश चित्रकार जॉर्ज डॉ ह्याने रंगवलेली १८१२ च्या सेनापतींची तीनशेहून अधिक व्यक्तिचित्रे आहेत. त्यांतल्या बार्क्लेच्या चित्रावर पूश्किनने १८३५ मध्ये 'सेनापती' ही कविता लिहिली, आणि लोकांनी ज्याला समजून घेतले नाही त्या माणसाचा खटला पुन्हा उघडला. कुतुझोवच्या एका नातलगाला हा कुतुझोवचा अवमान वाटला, आणि पूश्किनला आपल्या नियतकालिकात खुलासा करावा लागला. १८३७ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कझान कॅथीड्रलपुढे दोघांचेही पुतळे उभे राहिले.

टॉलस्टॉयने तिसराच मार्ग घेतला. त्याने शिक्षाही दिली नाही आणि निर्दोषही सोडले नाही. न्यायालयच बरखास्त केले. कुणीच काही घडवत नसेल, तर कुणालाच विचारायचे काही उरत नाही. ह्या भूमिकेत करुणा आहे, आणि सेनापतींच्या अहंकाराला दिलेली फार मोठी चपराक आहे. पण तिची एक किंमत आहे, आणि ती साहित्याच्या वर्गात क्वचितच मोजली जाते. पहिली किंमत बार्क्लेसारख्या माणसांनी दिली. ज्याने डिव्हिजन, कोअर, मुख्यालय ह्यांचे नियम घडवले, त्याला कादंबरीत एक कोरडा, प्रामाणिक, निरुपयोगी मनुष्य एवढीच जागा मिळाली. ब्रिटिश इतिहासकार डॉमिनिक लीव्हन ह्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की नेपोलियनच्या पराभवातले रसद, घोडे आणि नेतृत्व ह्यांचे महत्त्व झाकोळण्यात ह्या कादंबरीचा वाटा मोठा आहे. कादंबरीतले युद्ध १८१२ मध्ये संपते. १८१३ च्या बाउट्झेननंतर बार्क्ले पुन्हा सरसेनापती झाला, इंटेंडंट जनरल कान्क्रिनने ते सैन्य जर्मनीतून फ्रान्सपर्यंत खाऊ घालत नेले, आणि ३१ मार्च १८१४ रोजी ते पॅरिसमध्ये शिरले. रशियन सैन्याची रचना जेव्हा सर्वांत चांगली चालली, ते सव्वा वर्ष कादंबरीच्या बाहेर राहिले. ह्यामुळे कादंबरी लहान ठरत नाही. तिच्या सिद्धान्ताचा पुरावा मात्र एका बाजूचा ठरतो.

दुसरी किंमत मला अधिक अस्वस्थ करते. संदिग्धता ही नेहमी वरच्याला सोयीची असते. सम्राट सैन्यात आहे पण सरसेनापती नाही; यश आले तर ते त्याच्या उपस्थितीचे, अपयश आले तर बार्क्लेचे. ते कलम ज्या वेळी लिहिले गेले आणि ज्या वेळी त्याचा खुलासा करायचे टाळले गेले, त्या दोन्ही वेळी कुणीतरी निवड केली होती. त्या निवडीची फळे बोरोदिनोच्या मैदानावर मेलेल्या हजारो शिपायांनी भोगली, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावेही उरली नाहीत. लढाईचा निकाल त्यांच्या मनोबळाने लागला असे म्हणणे हा त्यांचा गौरव आहे. पण त्यांना तिथे कशा कारभाराखाली उभे केले गेले, हे विचारणे हाही त्यांचाच मान राखणे आहे.

म्हणून हल्ली मी विद्यार्थ्यांना उपसंहारातला शंकू दाखवण्याआधी द्रिस्साचे नऊ पक्ष वाचायला सांगतो, आणि त्याच्याही आधी पिवळ्या पुस्तकातल्या त्या एका कलमाचा आशय सांगतो. शंकूच्या टोकावरचा माणूस प्रत्यक्ष लढत नाही, हे टॉलस्टॉयचे म्हणणे मान्य करायला हरकत नाही. पण त्या टोकावर कुणी बसायचे, किती अधिकारांनी, आणि चुकल्यास कुणाला उत्तर द्यायचे, हे माणसांनी ठरवले होते. जे माणसे ठरवतात, त्याचा जाब माणसांना विचारता येतो. वर्गातल्या त्या दुसऱ्या प्रश्नाला मी आज एवढेच उत्तर देऊ शकतो, आणि ते कादंबरीच्या विरोधात नाही. ते कादंबरीतच, तिच्या सिद्धान्ताच्या प्रकरणांपेक्षा तिच्या मुख्यालयाच्या प्रकरणांत आहे.